‘रोमिओ + ज्युलिएट’चा अल्बम: रूपांतराचा भाग की कंपनीचा माल?

(चौघांची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

उत्तररात्र

बाझ लुहरमन यांच्या १९९६ सालच्या ‘रोमिओ + ज्युलिएट’ या चित्रपटाविषयी बोलताना लिओनार्दो डिकॅप्रिओ, क्लेअर डेन्स आणि तलवारींच्या जागी आलेली पिस्तुले यांवर पुष्कळ चर्चा होते, पण त्याच वर्षी कॅपिटॉल कंपनीने काढलेल्या तेरा गाण्यांच्या अल्बमकडे मात्र ‘तरुणांना तिकीटखिडकीकडे ओढण्याची युक्ती’ एवढ्याच नजरेने पाहिले जाते. मला हे मान्य नाही. लुहरमन यांनी शेक्सपिअरची भाषा कायम ठेवली, कथा व्हेरोना बीच नावाच्या काल्पनिक किनारी शहरात आणली आणि संवादांना सढळ हाताने कात्री लावली. जे कापले गेले त्यातले बरेचसे काम या गाण्यांनी पेलले आहे, म्हणून अल्बमला रूपांतराचाच भाग मानले पाहिजे, असा माझा दावा आहे.

एकच प्रसंग पाहा. नाटकात रोमिओ रंगमंचावर येण्याआधी त्याचे आईवडील आणि बेन्व्होलिओ त्याच्याविषयी बोलतात. पहाटे तो झाडांखाली एकटाच भटकतो, अश्रू ढाळतो आणि उजाडले की खोलीच्या खिडक्या लावून स्वतःपुरती रात्र तयार करतो, असे वर्णन तिथे आहे. चित्रपटात हे संभाषण मोटारीत आटोपशीरपणे होते, आणि इकडे समुद्रकाठच्या एका भग्न रंगमंचाच्या कमानीखाली रोमिओ सिगारेट ओढत वहीत ओळी खरडताना दिसतो. त्या दृश्यामागे रेडिओहेड या ब्रिटिश रॉक गटाचे ‘टॉक शो होस्ट’ वाजते. गिटारचा तोच तुटक तुकडा पुन्हा पुन्हा येत राहतो, खाली ढोलाचा आळसावलेला ठेका, आणि त्यावर स्वतःपासूनच सुटू पाहणारा, किंचित चिडका आवाज. अजून ज्युलिएट भेटलेली नाही, प्रेमभंगाचे दुःख खरे किती आणि मिरवण्यापुरते किती हेही ठरलेले नाही. ते दोन्ही त्या आवाजात एकत्र ऐकू येते. कापलेल्या ओळींची भरपाई याहून नेमकी कशी करता आली असती, हे मला कोणी सांगावे.

खर्जातला

आपण प्रसंग उत्तम उभा केलात, पण दावा अल्बमविषयी आहे आणि पुरावा चित्रपटाचा दिलात. ‘टॉक शो होस्ट’ हे या चित्रपटासाठी लिहिलेले गाणेच नाही. ते रेडिओहेडच्या ‘स्ट्रीट स्पिरिट’ या एकलगीताच्या (सिंगलच्या) तबकडीवर, मागच्या बाजूचे जोडगाणे म्हणून आधीच येऊन गेले होते. अल्बमची सुरुवात ज्या गाण्याने होते ते गार्बेज या गटाचे ‘नंबर वन क्रश’सुद्धा असेच मागच्या बाजूचे. कार्डिगन्स या गटाचे ‘लव्हफूल’ त्यांच्या स्वतःच्या अल्बममध्ये होते आणि जगभर गाजले ते त्याच्या गोड चालीमुळे, ज्युलिएटच्या कॅप्युलेट घराण्यामुळे नव्हे. गोदामात पडून असलेली गाणी गोळा करायची, वर दोन देखण्या चेहऱ्यांचे छायाचित्र छापायचे आणि त्याला रूपांतर म्हणायचे, हा उदारपणा मला जमणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चित्रपटाचे खरे सांगीतिक रूपांतर क्रेग आर्मस्ट्राँग, नेली हूपर आणि मारियस डी व्ह्रीस यांच्या पार्श्वसंगीतात आहे. सुरुवातीचा तो गडगडाटी समूहस्वर आठवा, किंवा प्रार्थनामंदिरात मुलाच्या आवाजात येणारे प्रिन्सचे ‘व्हेन डव्ह्ज क्राय’. यातले काहीच पहिल्या अल्बमवर नाही. ते सारे पुढच्या वर्षी दुसऱ्या भागात विकले गेले. निवड कलेच्या निकषावर झाली असती, तर क्रम उलटा झाला असता.

उत्तररात्र

गाणे आधीचे आहे हा दोष मानायचा, तर तो शेक्सपिअरपासूनच मोजायला हवा, कारण त्याने ही कथा आर्थर ब्रुक यांच्या १५६२ च्या दीर्घकाव्यातून उचलली. शिवाय आपण म्हणता ती दोन्ही गाणी जशीच्या तशी घेतलेली नाहीत. हूपर यांनी त्यांची नव्याने जुळणी केली, आणि ‘नंबर वन क्रश’ तर या नव्या रूपातच अमेरिकेतील मॉडर्न रॉक यादीत अव्वल ठरले. ज्या माणसाच्या हाती पार्श्वसंगीत होते त्याच माणसाचा हात या गाण्यांवरून फिरला आहे. म्हणून आपण आखलेली ‘खरे संगीत’ आणि ‘विकाऊ गाणी’ यांमधली रेघ मला तितकी ठळक दिसत नाही. डेझरी या गायिकेचे ‘किसिंग यू’ घ्या. मेजवानीत ती प्रत्यक्ष गात असते आणि माशांच्या काचेच्या टाकीच्या दोन बाजूंनी ती दोघे एकमेकांना प्रथम पाहतात. पुढे तोच सूर पार्श्वसंगीतात पुन्हा पुन्हा भेटतो. हे गाणे पहिल्या अल्बमवरच आहे.

दुसऱ्या भागाच्या विक्रीबाबत मात्र मी कंपनीची बाजू घेणार नाही.

रंगपट

या वादात मराठी वाचकाला एक जवळचा दाखला आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत आणले, तेव्हा त्यांनीही अभिजात नाटकात साकी, दिंडी, लावणी अशा लोकांच्या कानांत बसलेल्या चालीच घातल्या. चाल ओळखीची असल्यामुळे प्रेक्षक कण्वाच्या आश्रमात बिचकला नाही. लुहरमन यांची युक्ती याहून फार वेगळी आहे असे मला वाटत नाही.

तरीही माझे मत खर्जातला यांच्या बाजूने झुकते. किर्लोस्करांनी चाल उसनी घेतली, पण पदातले शब्द प्रसंगाचे ठेवले. शकुंतलेच्या तोंडी शकुंतलेचेच दुःख आले. इथे पात्रे सोळाव्या शतकातले काव्य बोलतात आणि गाणी तिऱ्हाईताच्या प्रेमाविषयी बोलतात. अल्बमवर नाटकाशी शब्दाने बांधलेले गाणे शोधू गेले, तर वन इंच पंच या गटाचे ‘प्रिटी पीस ऑफ फ्लेश’ तेवढे चटकन हाती लागते, कारण त्याचे शीर्षक पहिल्याच प्रवेशातल्या नोकराच्या फुशारकीतून घेतले आहे. बाकी बहुतेक गाण्यांना रोमिओ माहीत नाही आणि ज्युलिएटही माहीत नाही. आमच्याकडे नाट्यपदे नाटकाबाहेर मैफलीत गेली, स्वतंत्रपणे जगली, पण ती निघाली नाटकाच्या पोटातून.

उत्तररात्र

रंगपट, आपल्या आक्षेपाचे उत्तर नाटकातच आहे. चौथ्या अंकाच्या शेवटी ज्युलिएट मेली असे समजून घरात आक्रोश होतो, लग्नासाठी बोलावलेले वादक सामान आवरू लागतात, आणि पीटर नावाचा नोकर त्यांना थांबवून त्या काळचे एक लोकप्रिय गाणे, ‘हार्ट्‌स ईज’, वाजवायला सांगतो. त्या गाण्यालाही ज्युलिएट माहीत नव्हती. प्रेतासमोर रस्त्यावरचे गाणे मागणारा हा प्रवेश इतका विचित्र आहे की बहुतेक प्रयोगांत तो कापलाच जातो. शेक्सपिअरला मात्र तो विजोडपणा हवा होता.

वळणवाट

मुद्दा ‘असे अल्बम’ असा घाऊक न ठेवता दोन अल्बम शेजारी ठेवून पाहावेत. १९९८ साली आल्फोन्सो कुआरोन यांनी डिकन्सचे ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ फ्लोरिडा आणि न्यूयॉर्कमध्ये आणले. नायक पिपचा चित्रकार फिन झाला आणि मिस हॅविशॅमची मिस डिन्समूर. त्याचाही अल्टर्नेटिव्ह रॉकचा अल्बम निघाला, आणि पॅट्रिक डॉइल यांचे पार्श्वसंगीत वेगळे विकले गेले. टोरी एमोस, पल्प, ख्रिस कॉर्नेल, स्कॉट वाइलँड, इगी पॉप. नावांच्या वजनात हा अल्बम ‘रोमिओ’ला भारी पडतो. कॉर्नेल यांचे ‘सनशॉवर’ मला आजही आवडते. पण सलग ऐकल्यावर ज्याचे त्याचे गाणे ज्याच्या त्याच्यापाशी राहते. त्या पडक्या वाड्याची हवा मला एकाच ठिकाणी लागते, ती सेझारिया एव्होरा यांच्या ‘बेसामे मुचो’त, आणि ते तर रॉकही नव्हे.

त्याच कादंबरीवरून अभिषेक कपूर यांनी २०१६ साली काश्मीरमध्ये घडणारा ‘फितूर’ केला. त्यातली अमित त्रिवेदी आणि स्वानंद किरकिरे यांची गाणी चित्रपटासाठीच घडवलेली आहेत, म्हणजे रंगपट यांची अट पूर्ण होते. तरी ‘पश्मीना’ ऐकताना मला बर्फ आणि चिनार दिसतात, डिकन्सच्या कथेतली ती अपमानाची बोच दिसत नाही. प्रसंगासाठी लिहिले म्हणून गाणे प्रसंगाचे होतेच असे नाही, आणि बाहेरून आणले म्हणून उपरे राहतेच असेही नाही. ‘रोमिओ’च्या अल्बममध्ये उतावळेपणा आणि वासनेचा धसमुसळेपणा या गाण्यापासून त्या गाण्यापर्यंत टिकून राहतो, तो ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये टिकत नाही.

खर्जातला

तुलनेत एक अल्बम बरा ठरला म्हणून तो रूपांतर ठरत नाही. माझ्या मते या वादातला सर्वांत मोठा साक्षीदार अल्बमच्या बाहेर उभा आहे. लुहरमन यांनी रेडिओहेडला चित्रपटाचा शेवटचा अर्धा तास पाठवला आणि श्रेयनामावलीसाठी गाणे मागितले. गटाचे गायक थॉम यॉर्क यांनी आधी नाटकातल्या ओळी गुंफण्याचा प्रयत्न केला आणि मग तो सोडून दिला. त्यातून झालेले ‘एक्झिट म्युझिक’ दोन मुलांच्या पळून जाण्याचे गाणे आहे. कुजबुजीतून सुरू होऊन ते विकृत बेसच्या भिंतीवर आदळते, आणि शेवटी शापवाणी होते. या शोकांतिकेला लागणारा सगळा राग त्यात आहे. यॉर्क यांच्याच इच्छेनुसार ते या अल्बममध्ये घातले गेले नाही. १९९७ साली ते रेडिओहेडच्या ‘ओके कॉम्प्युटर’ या अल्बममध्ये आले. आता आपणच सांगा, ज्या अल्बमवर मृत्यूच नाही, तो ‘रोमिओ आणि ज्युलिएट’चे रूपांतर कसा?

उत्तररात्र

मृत्यू नाही, हे खरे आहे. ‘एक्झिट म्युझिक’च्या अभावी अल्बम उणा आहे, हेही मी नाकारत नाही. पण शेवटी काय आहे तेही ऐका. तेराव्या क्रमांकावर वॉनाडीज या स्वीडिश गटाचे ‘यू अँड मी साँग’ आहे: भांडण, मग ते विसरून पुन्हा एकत्र, आणि मधूनच उसळणारी गिटार. एका मुरलेल्या जोडप्याचे, अगदी संसारी गाणे. नाटकातल्या ज्युलिएटला चौदा वर्षे पुरी व्हायलाही पंधरवड्याहून थोडे अधिक दिवस बाकी असतात, आणि रोमिओशी भांडायला तिला एक पुरता दिवसही मिळत नाही. अल्बम लावून बसलेल्या श्रोत्याला पुढे काय घडले ते ठाऊक असते, गाण्याला ठाऊक नसते. आपल्याला ती विक्रेत्यांनी शेवटी ठेवलेली गोळी वाटेल. मला तो या अल्बममधला सर्वांत निर्दय निर्णय वाटतो.

खर्जातला

निर्दय म्हणण्यासाठी तो निर्णय कोणी तरी जाणूनबुजून घेतलेला असावा लागतो. क्रम लावणाऱ्याच्या मनात ज्युलिएटचे वय होते की ‘शेवट गोड’ करण्याची सोय, हे अल्बम ऐकून ठरवता येत नाही. आणि जे श्रोत्याने स्वतः आणून भरायचे, त्याचे श्रेय मी अल्बमला देणार नाही.