फुल सस्पेन्शन सायकलची टेस्ट राइड: मागून ठक्क आवाज, घ्यावी की सोडावी?

मंडळी, जरा मदत हवीये.

चार वर्षं हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) चालवतोय, पुण्यात वेताळ टेकडी, तळजाई, कधीमधी बोपदेव घाट, आता कंबर बोलायला लागलीये म्हणून एक सेकंडहँड फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे) बघतोय. २९ इंची चाकं, पुढे १३० मागे १२० मिमी ट्रॅव्हल (चाक किती वर-खाली होतं ते), ड्रॉपर पोस्ट (चालवतानाच सीट खाली-वर करणारी दांडी). विकणारा पोरगा चांगलाय, म्हणाला दादा पार्किंगमध्ये गोल फिरून काय कळणार, टेकडीवरच न्या. (माझी स्कूटर ठेवून घेतली ते सोडा.)

तर शनिवारी वेताळ टेकडीवर एआरएआय संस्थेच्या बाजूने चढलो. चढाला प्रत्येक पेडलला सायकल डुलायची, पाळण्यात बसून पेडल मारतोय असं वाटत होतं, हार्डटेलवर एका दमात होणाऱ्या चढाला दोनदा पाय टेकले. पण उतार! खाणीकडच्या सुट्या मुरमावर मागचं चाक जमीन सोडतच नाही, एरवी जिथे पोटात गोळा येतो तिथे ब्रेकला हात लावला नाही. आणि मग फूटभर पायरीवरून उतरताना मागून ठक्क. थांबून बघितलं तर शॉकच्या (मागचं हवेवरचं सस्पेन्शन) दांडीवरची रबरी रिंग पार टोकाला जाऊन बसलेली. मालक ५८ किलो, मी ८४ (घरी ८० सांगितलंय).

हे हवा कमी असल्याने की बेअरिंग गेलंय? आणि डुलणं हा या सायकलींचा स्वभावच असतो का? रविवारी अजून एक तास मिळतोय.

प्रतिसाद १
५८ किलोच्या हवेवर ८४ किलो बसवल्यावर दुसरं काय होणार :) शॉक पंप घेऊन जा, साध्या पंपाचं काम नाही. हेल्मेट, पाण्याची बॅग सगळं चढवून भिंतीला टेकून बस, रिंग शॉकच्या तोंडाशी असलेल्या सीलला चिकटव, न उसळता हळूच उतर. शॉकचा स्ट्रोक (दांडी जास्तीत जास्त किती आत जाते ते) ५० मिमी असेल तर रिंग १३ ते १५ सरकायला हवी, जास्त सरकली तर हवा भर. हवा वाढली की रिबाउंड (दबलेला शॉक परत उसळण्याचा वेग) दोन क्लिक हळू कर नाहीतर उतारावर मागून लाथ बसेल. आणि सीटला धरून मागचं चाक किंचित उचल, हाताला टकटक लागली तर बेअरिंग किंवा बुश, मग भाव पाड. चढाला शॉकवरची लीव्हर फिरवायची रे, शॉक कडक होतो, डुलणं बरंच थांबतं.

धागाकर्ता
ती निळी लीव्हर??? बाटली काढताना मध्ये येते म्हणून दिवसभर शिव्या घातल्या तिला. रविवारी सहालाच जातो, सातनंतर वॉकवाले काका-काकू वाट देत नाहीत. कोथरूड-बावधनकडे कोणाकडे शॉक पंप आहे का? एक दिवसापुरता, चहा माझ्याकडून.