दुसरा महिना, आत्तींचं दूध आणि सात पुड्या – मदत हवी आहे

नमस्कार. सासर बेळगावजवळच्या एका खेड्यात, माहेर खानापूर तालुक्यात. वय 31, सातवा आठवडा चालू आहे. मागच्या वर्षी अडीच महिन्यांत एकदा खाली झालं (गर्भ टिकला नाही), त्यामुळे या खेपेला घरातले सगळे जपून बोलतात आणि जपून बोलता बोलता रोज एक नवा नियम सांगतात. थायरॉइडची गोळी आणि फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे. खरं विचारायचंय ते खाली आहे, आधी जरा धीर गोळा करते.

आत्ती (सासूबाई, आमच्याकडे आत्तीच म्हणतात) वाईट नाहीत. हे आधीच लिहिते, कारण अशा धाग्यावर सासूचं नाव निघालं की दुसऱ्या प्रतिसादात तिचं श्राद्ध उरकलेलं असतं. मागच्या वेळी दवाखान्यात माझ्या उशाशी त्याच बसून होत्या.

तर पहाटे पेलाभर कोमट दूध हातात येतं. पहिल्या महिन्यात नुसतं दूध, चौथ्यात त्यावर लोणी, पुढे तूप, असं त्यांच्या आजीपासून चालत आलंय. मला दुधाच्या वासानंच ढवळतं, आणि थायरॉइडच्या गोळीची वेळही तीच. गोकाकहून करदंट (डिंक-सुकामेव्याची वडी) मागवलाय, डिंक कंबरेला चांगला म्हणून. माझ्या आईला मधुमेह आहे, तर हा रोज खाऊ का?

दुसरं. नणंदेनं व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी पाठवली. गर्भिणी सतत शोक करत असेल तर मूल भित्रं होतं, भांडकुदळ असेल तर फेपरं येणारं होतं, वगैरे, खाली चरकाचं नाव. माझे वडील मार्चमध्ये गेले. मी अजून रोज रात्री रडते. आता रडू आवरत नाही म्हणूनही रडू येतंय.

तिसरं म्हणजे पुड्या. आठवड्याच्या बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून आत्तींनी आणल्यात, सात, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या. आत मातकट पूड. दुसरा महिना सरायच्या आत पहिलारू गाईच्या दुधातून घ्यायच्या, आणि त्या गाईला खोंड झालेलं हवं. घरात 'मुलगा' हा शब्द कुणीही उच्चारला नाही. खोंडावरूनच काय ते कळलं.

हे खरंच आयुर्वेदात आहे का? आणि नाही कसं म्हणू? नवरा म्हणतो, 'न घेता घेतल्या म्हण की.' मला ते जमत नाही. एक म्हणजे खोटं तोंडावर दिसतं, आणि उद्या मुलगा झाला तर श्रेय पुड्यांना जाऊन त्याच पुड्या माझ्या जावेला मिळतील.

प्रतिसाद (निपाणी)
पुड्या उकिरड्यावर. बाकीचं सावकाश वाचतो.

प्रतिसाद (चिकोडी)
मी बीएएमएस करून पुढे प्रसूतितंत्र शिकले आहे, म्हणून जरा लांबण लावते.

पुंसवन, म्हणजे मुलगा व्हावा म्हणून करायचा उपाय, चरकातही आहे आणि सुश्रुतातही. 'ग्रंथात असलं काही नाही' असं सांगायला जाऊ नका, आत्तींनी पोथी उघडली तर तोंडघशी पडाल. वडाचे कोंब, लक्ष्मणा नावाची वनस्पती, दुधात वाटून नाकपुडीत थेंब, असे प्रयोग दिलेले आहेत आणि ते लिंग व्यक्त होण्याआधी करायचे म्हणून दुसरा महिना. पण हा हिशोब शुक्राणू कुणी पाहिला नव्हता त्या काळचा. मूल मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्राणूत एक्स होता की वाय यावर गर्भ राहिला त्याच क्षणी ठरून गेलंय. आता खोंडाची आई काय बदलणार?

शिवाय बाजारातली पूड म्हणजे ग्रंथातलं पुंसवन नव्हेच. त्यात बऱ्याचदा शिवलिंगीच्या बिया असतात, आणि आणखी काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिसं असलेलं भस्म निघालं तर ते नाळेतून बाळापर्यंत जातं. हरियाणात मुलासाठी अशी देशी औषधं घेतलेल्या बायकांचा अभ्यास झाला, त्यात ही औषधं आणि बाळातली जन्मजात व्यंगं यांचा संबंध दिसला. दुसरा-तिसरा महिना म्हणजे बाळाचे अवयव घडण्याचा काळ, आणि ही पुडी नेमकी तेव्हाच घ्यायला सांगतात. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. कायद्याचं म्हणाल तर गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994 च्या कायद्यात 2003 पासून गर्भधारणेआधीची लिंगनिवडही आली. शास्त्रीय असो की गावठी, अशा उपायाची जाहिरात करणंसुद्धा गुन्हा आहे.

आता आत्तींच्या बाजूनं. त्यांचं दूध-लोणी-तूप खरोखर चरकाच्या ग्रंथातल्या शारीरस्थान या भागातलं आहे. पहिल्या महिन्यात साधं दूध, चौथ्यात दूध-लोणी, पाचव्यात तूप, आठव्यात दुधातली पेज तूप घालून. कुणीही पोथी न वाचता हे तुमच्या घरात टिकलं याचं मला कौतुक वाटतं. पण त्याच ठिकाणी सकाळ-संध्याकाळ सात्म्य अन्न खावं असंही आहे. सात्म्य म्हणजे तुम्हाला सोसणारं. ज्यानं उलटी होते ते दूध तुमच्यापुरतं सात्म्य नाही. थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या पाण्याबरोबर, त्यानंतर तासभर दूध नको. लोह आणि कॅल्शियमची गोळी सुरू होईल तेव्हा मध्ये चार तास ठेवा. करदंटात डिंक, खारीक, सुकामेवा चांगला आहे, पण गूळही भरपूर आहे. आईला मधुमेह आहे म्हणता, तर 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी आताच करून घ्या, 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा. तोवर एखादी छोटी वडी, तीही रोज नको.

यादीबद्दल. तिथे मुळात बऱ्याच शब्दांपुढे 'नित्या', म्हणजे सतत करणारी, असं आहे. शोकनित्या, मधुरनित्या (सतत गोड खाणारी), लवणनित्या (सतत खारट खाणारी). 'मधुरनित्या'चं मूल प्रमेही (मधुमेहासारखा विकार असलेलं) होतं असंही त्याच यादीत आहे, ते नणंदबाईंनी करदंटाच्या वेळी पाठवलं नाही वाटतं! मला ती यादी 'अति करू नका' एवढंच सांगणारी वाटते. वडील गेल्यावर रडलात म्हणून मूल भित्रं होत नाही. मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, दोन आठवड्यांच्या वर सतत मन खाली असेल तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा. हा काही लाड नव्हे. गर्भ टिकवणाऱ्या गोष्टींत सौमनस्य, म्हणजे मन प्रसन्न असणं, श्रेष्ठ असं चरकच म्हणतो.

आणि आत्तींना एकच ओळ वाचून दाखवा. काठोकाठ तेलानं भरलेलं भांडं न हिंदकळता न्यावं तशी गर्भिणीची काळजी घ्यावी. हीसुद्धा चरकाचीच. भरलेल्या भांड्यात आणखी काय ओतायचं, असं त्यांनाच विचारा.

एक राहिलं. नवव्या महिन्यात बस्ती (तेलाचा एनिमा) आणि तेलाचा पिचू (योनीत ठेवायचा तेलात भिजवलेला बोळा) सांगितलाय, तो घरी कुणाच्याही सांगण्यावरून करायचा नाही. आणि आधी एकदा झालंय, त्यामुळे लाल डाग दिसला किंवा पोटात कळ आली तर सकाळची वाट बघू नका.

प्रतिसाद (खानापूर)
आशा म्हणून काम करते, म्हणून एवढंच. तायी कार्ड (गरोदर बाईच्या नोंदीचं सरकारी कार्ड) काढलंत का? नसेल तर या आठवड्यात काढा. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी मिळेल, 180 दिवस, चहाबरोबर घेऊ नका. अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेचं दुपारचं गरम जेवण असतंय, लाजू नका, जावा. पुड्या आणणाऱ्या बाया आमच्याकडेही आहेत. मी सुनेशी नाही, सासूशी बोलते, तेही एकटीला गाठून. सुनेसमोर त्या हट्टाला पेटतात.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. कार्ड काढलंय, पण ते कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. शेजारच्या अक्का वाचून दाखवतात, आणि वाचता वाचता कुबसाला हिरवी साडी कुठून घ्यायची तेही ठरवून मोकळ्या होतात. आमच्यात सातव्यात डोहाळजेवण, त्यांच्यात कुबस. दोन्ही होणार असं दिसतंय.

धागाकर्ती (चार दिवसांनी)
बोलले. भांड्याची ओळ वाचून दाखवली. आत्ती बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, 'माझ्या वेळेला तीन पुड्या घेतल्या होत्या मी, तुझ्या नणंदेच्या वेळी.' म्हणजे पुडी घेऊन मुलगी झाली होती! मी हसले, मग त्याही हसल्या. पुड्या त्यांनी माझ्याकडे दिल्या नाहीत, कुठे ठेवल्यात तेही सांगितलं नाही, पण दुसरा महिना सरेपर्यंत विषय काढणार नाही म्हणाल्यात. एवढ्यावर मी खूश आहे. ह्यांना जावेशी बोलायला सांगितलंय.

दुधाचं अजून अडलंय. गोळीनंतर तासाभरानं प्यायले तरी वास सहन होत नाही. त्याऐवजी ताक किंवा नाचणीची आंबील चालेल का? आणि डोहाळे आत्ताच लागलेत, संध्याकाळ झाली की गिरमिट (चुरमुऱ्यांचं) आणि मिरची भजी पाहिजे असं वाटतं. चिकोडीच्या ताईंनी 'लवणनित्या' लिहिलंय म्हणून भीत भीत विचारते.