बिझनेस क्लास निवडताना काय बघायचं: बंद होणारा दरवाजा की लक्ष देणारा क्रू?

रात्रपाळी (धागाकर्ता)

बिझनेस क्लासचा विषय निघाला की हल्ली पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दरवाजा आहे का?" २०१७ मध्ये कतार एअरवेजचा क्यूसुइट (दरवाजा लावून खोलीसारखी बंद करता येणारी सीट) आला, त्याच वर्षी डेल्टाने आपला दरवाजावाला सुइट आणला, आणि तेव्हापासून दोन कंपन्यांची तुलना म्हणजे दोन खुर्च्यांची तुलना असंच होऊन बसलं आहे. मला हे पटत नाही.

खुर्ची विकत मिळते. विमान कंपन्या खुर्च्या बनवत नाहीत, कॉलिन्स, साफ्रान, रेकारो यांच्यासारख्या मोजक्या उत्पादकांकडून घेतात. ब्रिटिश एअरवेजने २०१९ मध्ये आणलेला क्लब सुइट हा कॉलिन्सच्या 'सुपर डायमंड' घराण्यातला. एअर कॅनडाच्या बोइंग ७८७ विमानांतही तेच घराणं, कतारच्या जुन्या ७८७ मध्येही तेच. कापड वेगळं, रंग वेगळे, कुठे दरवाजा लावलेला, कुठे नाही. सांगाडा एकच. मग या तीन प्रवासांत फरक कशाने पडतो? पडतो तर खरा, आणि चांगलाच पडतो.

माझं उत्तर: माणसांमुळे. सिंगापूर एअरलाइन्स नव्या केबिन क्रूला साडेतीन-चार महिने प्रशिक्षण देते. ते कुठल्या उत्पादकाकडून मागवता येत नाही.

एकदा तेरा तासांच्या रात्रीच्या प्रवासात माझ्या अंगात कणकण होती. मी कुणाला काही बोललो नव्हतो. जेवणाचा ट्रे अर्धा तसाच परत गेला, एवढंच. पाच मिनिटांनी ट्रे नेणारीच बाई परत आली, माझ्या शेजारी उकिडवी बसली म्हणजे तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं, आणि हळू आवाजात विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मग गरम पाणी, दुसरं पांघरूण, आणि पुढे दर दीड-दोन तासांनी न बोलता एक नजर. त्या सीटला दरवाजा नव्हता. असता तर ती नजर पोचली असती का, हा माझा प्रश्न आहे.

सव्वासहाफूट

अजिबात सहमत नाही, आणि हे मी प्रत्येक लांब प्रवासात अंगावर काढलेल्या अनुभवातून बोलतोय.

साधा हिशोब करा. चौदा तासांच्या प्रवासात क्रू तुमच्याजवळ एकूण किती वेळ असतो? दोन जेवणं, मधला चहा, सगळं धरून फार तर तास-दीड तास. उरलेले बारा तास तुम्ही आणि ती खुर्ची. गोड बोलण्याने पाय लांब होत नाहीत.

आणि "खुर्ची काय, कुणीही घेईल" हे म्हणणंही बरोबर नाही. कुठली घ्यायची आणि कशी मांडायची यातच कंपनीची नियत दिसते. सिंगापूरचंच बघा. लांब पल्ल्याच्या एअरबस ए३५० आणि बोइंग ७७७ विमानांतली त्यांची सीट २८ इंच रुंद, बसायला राजेशाही. पण पलंग करायचा तर पाठ पुढे दुमडून उलटावी लागते, म्हणजे आधी उठून उभं राहायचं. आणि पाय ठेवायचा कप्पा एका कोपऱ्यात, त्यामुळे झोपायचं तिरकं. माझ्या उंचीच्या माणसाने त्यात कुशीवर वळायचं म्हणजे आधी गुडघे बाहेर, मग कंबर, मग परत गुडघे आत. दर वेळी झोपमोड. याउलट जपानच्या एएनए कंपनीने २०१९ मध्ये 'द रूम' आणली. एक सीट पुढे तोंड करून, एक मागे, अशी गुंफण केली आणि त्यातून जी रुंदी काढली ती बसल्यावरच कळते. गुडघे दुमडून झोपता येतं, विमानात. ही सेवाच आहे, फक्त ती आधीच करून ठेवलेली आहे.

२००० साली ब्रिटिश एअरवेजने बिझनेसमध्ये पूर्ण सपाट पलंग आणला. त्या मांडणीत दोष होते: शेजारी समोरासमोर तोंड करून बसायचे आणि खिडकीवाल्याला बाहेर पडायला दुसऱ्याचे पाय ओलांडावे लागायचे. तरी सगळ्या जगाला त्यांच्यामागे जावं लागलं. क्रूच्या हसण्यामुळे अख्खा व्यवसाय बदलल्याचं एक तरी उदाहरण द्या.

सेवा नशिबावर असते हो. आज चांगला क्रू, उद्या दमलेला. खुर्ची रोज तीच.

तिसरी_रांग

@सव्वासहाफूट, तुमचे बारा तास तुमचे आहेत. माझ्या आईचे नव्हते.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. म्हणून पैसे साठवून बिझनेसची दोन तिकिटं काढली. कंपनीचं नाव घेत नाही. सीट नवीकोरी, दरवाजा, भिंती छातीपर्यंत. मी पलीकडच्या ओळीत. रात्री दिवे घालवल्यावर आईला स्वच्छतागृहात जायचं होतं. सीट पलंगाच्या अवस्थेत, ती परत उभी करायचं बटण खांद्यामागच्या सपाट पट्टीवर, स्पर्शाने चालणारं, आणि अंधारात तिला एकही खूण ओळखू येईना. दरवाजा कुठल्या बाजूला सरकतो तेही आठवेना. तिने बोलावण्याचं बटण दाबायचा प्रयत्न केला आणि वाचायचा दिवा लागला. मला जाग आली ती तिच्या बांगड्या दरवाजावर आपटल्याच्या आवाजाने. क्रूपैकी दोघं पडद्याआड गप्पा मारत होते.

परतीच्या प्रवासात साधी जुनी सीट होती, दरवाजा नाही. तिथल्या मुलाने विमान सुटण्याआधीच आईला विचारलं, "कुठलं बटण कशाचं ते एकदा दाबून बघूया का?" आणि तिच्याकडून दोनदा करून घेतलं. स्वतः करून दाखवलं नाही, तिच्याकडून करून घेतलं. रात्री ती एकटी उठली, एकटी जाऊन आली. तो आनंद मला शब्दांत सांगता येत नाही.

तेव्हा सीट कितीही चांगली असो, ती वापरायला शिकवणारं माणूस लागतंच.

वेळापत्रक

दोन्ही बाजू कंपनीचं नाव घेऊन भांडताहेत, आणि मुळात तिथेच गफलत आहे. तुलना विमानाची करा.

कतारचा क्यूसुइट मुख्यतः ७७७ आणि ए३५० वर. त्यांच्या ए३८० मध्ये तो नाही, ७८७-८ मध्ये नाही, आणि ७८७-९ मध्ये आणखी तिसराच सुइट. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये बिझनेस वरच्या मजल्यावर, १-२-१ (म्हणजे एका ओळीत एक, दोन, एक अशा सीट, मध्ये मार्गिका), मागे उभं राहून गप्पा मारायला बार. त्याच एमिरेट्सच्या जुन्या मांडणीच्या ७७७ मध्ये २-३-२, म्हणजे बिझनेसचे पैसे भरून मधली सीट नशिबी येऊ शकते. त्या विमानांचं नूतनीकरण चालू आहे आणि झालेल्यांत १-२-१ मिळतं, पण तुमच्या तारखेला कुठलं येईल हे तिकिटावर छापलेलं नसतं. तिकिटावर फक्त 'बिझनेस'.

माझ्यासोबत घडलेलं: सहा महिने आधी सीट मॅप पाहून बुकिंग केलं, आदल्या दिवशी विमान बदललं. सुइट गेला, जुनी २-२-२ आली. विचारलं तर उत्तर आलं, "क्लास तोच आहे ना?" (ही कंपनी वरीलपैकी नाही.)

आणखी एक गोष्ट कुणीच बोललं नाही. ७८७ आणि ए३५० मध्ये केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० फूट उंचीवर असतो तसा राखतात, जुन्या बांधणीच्या विमानांत तो ८,००० फुटांपर्यंतचा असू शकतो. धातूऐवजी कार्बन तंतूंची बांधणी असल्यामुळे हवेत ओलावाही थोडा जास्त ठेवता येतो. उतरल्यावर डोकं जड आहे की नाही, हे मला यावर जास्त अवलंबून वाटतं. दरवाजा आणि क्रू दोन्ही त्यानंतर.

रात्रपाळी

@वेळापत्रक, मुद्दा पटला. धाग्यात मीही सरसकट कंपनीचं नाव घेतलं, ते चुकलं.

@सव्वासहाफूट, 'सेवा म्हणजे नशीब' हे मात्र सोडणार नाही. अनेक देशांत नियम असा की दर ५० सीटमागे निदान एक केबिन क्रू. तो नियम आपत्काळात विमान रिकामं करण्यासाठी आहे, पाहुणचारासाठी नाही. त्याच्या वर किती माणसं ठेवायची, हा कंपनीचा निर्णय. वाटेल तेव्हा जेवण मागवता येईल अशी पद्धत कतारने बिझनेसमध्ये ठेवली आहे. तीही कुणा एकाच्या मूडवर चालत नाही, तिच्यासाठी स्वयंपाकाच्या जागेपासून कामाच्या वाटणीपर्यंत सगळं तसं लावावं लागतं. नशीब वाटतं ते बऱ्याचदा कुणीतरी आखलेलं असतं.

सव्वासहाफूट

आखलेलं असतं हे मान्य. पण मग तुमचाच मुद्दा माझ्याकडे येतो: वाटेल तेव्हा जेवण का हवं? झोप तुटू नये म्हणून. सगळी चांगली सेवा शेवटी झोपेच्या वाटेतून बाजूला होते.

@तिसरी_रांग, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. तरीही मी म्हणेन तो दोष क्रूइतकाच सीटचा. अंधारात बोटांना कळेल असं उठाव असलेलं बटण हवं, गुळगुळीत पट्टी नको. ज्याने ती बसवली त्याने अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचा हात डोळ्यासमोर आणलाच नाही.

अवांतर: फिनएअरने २०२२ मध्ये न वाकणारी सीट आणली. पाठ स्थिर, पुढची फट भरली की अख्खा पृष्ठभाग सपाट, एखाद्या कोचासारखा. पुष्कळांना आवडत नाही, कारण अर्धवट रेलता येत नाही. मला मात्र तिथे प्रथमच मांडी घालून बसता आलं. बिघडायला पाठीची मोटरच नाही, ही तर चैन.

तिसरी_रांग

@सव्वासहाफूट, बटणाचं म्हणणं शंभर टक्के खरं. मी त्या वेळी फक्त क्रूवर चिडले, सीटकडे बघितलंच नाही. पण ती फट भरायची तर आईला वाकावं लागेल, म्हणजे तिथेही कुणीतरी लागेलच.

पहिलंच_तिकीट

मी अजून बिझनेसने गेलेलो नाही, मैल (विमान कंपनी प्रवासाबद्दल देते ते गुण) साठवून पहिलं तिकीट काढतोय. दरवाजा बंद करून घुसमटल्यासारखं होतं का? आणि उड्डाणाच्या वेळी तो लावता येतो का?

वेळापत्रक

नाही. उड्डाण आणि उतरणं या दोन्ही वेळी दरवाजा उघडा ठेवून अडकवावाच लागतो. वरून मोकळं असतं, छत नसतं, त्यामुळे घुसमट सहसा होत नाही. मात्र मधल्या जोडीतली सीट घेतलीत तर शेजाऱ्याकडचा पडदा वर सरकतो का ते आधी बघून ठेवा, नाहीतर अनोळखी माणसाच्या डोळ्यात डोळे घालून जेवावं लागेल. आणि तुमचा स्वभाव बघून मी खिडकीचीच सीट सांगेन, तीही खिडकीला चिकटलेली. काही मांडण्यांत एकाआड एक खिडकीची सीट मार्गिकेला लागून असते आणि टेबल खिडकीकडे जातं.

रात्रपाळी

@पहिलंच_तिकीट, आणि विमानात शिरल्यावर क्रूला सरळ सांगा की पहिल्यांदाच आलोय. लाजू नका. पलंग कसा होतो, उठायचं कसं, बोलावायचं बटण कुठलं, तिन्ही गोष्टी विमान जमिनीवर असतानाच स्वतःच्या हाताने करून बघा. तिसरी_रांग यांच्या आईंना त्या मुलाने करायला लावलं होतं तसंच.

परत आलात की इथे लिहा. त्या तीन गोष्टी तुम्हाला कुणी आपणहून विचारल्या का, तेवढं नक्की सांगा.