पहिलं घर, पिंपरी-चिंचवड: बायकोच्या एकटीच्या नावावर घ्यावं का, आणि या ऑफरमध्ये खरं किती?

भाड्याचं_घर

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं वाकडला भाड्याने राहतो, लग्नाला चार वर्षं झाली, तीन घरं बदलून झाली, आता मालकाने परत अकरा महिन्याला भाडं वाढवायचं काढलंय म्हणून म्हटलं एकदाचं स्वतःचं बघूया. मागच्या रविवारी मोशीत एक साइट पाहिली. टू बीएचके, कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) ६४० स्क्वेअर फूट सांगितला, काम सातव्या स्लॅबपर्यंत आलंय. सेल्सवाल्याने चहा पाजला, सॅम्पल फ्लॅट दाखवला (त्यातला बेड मला आखूडच वाटला, पण ते असो) आणि कॉस्ट शीटच्या मागे पेनाने सगळं लिहून दिलं. बेसिक ४३.८० लाख, इन्फ्रा-डेव्हलपमेंट १.७५ लाख, म्हणजे ४५.५५. त्यावर ५ टक्के जीएसटी.

२६ जानेवारीच्या आत टोकन दिलं तर स्टॅम्प ड्युटी त्यांची म्हणे. वर पंतप्रधान आवासचे २.६७ लाख मिळतील, एप्रिलला रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला जागेचा दर) वाढला की रेट गेलाच म्हणून समजा, शिवाय आत्ता २० टक्के भरा, ॲग्रीमेंट दोन-तीन महिन्यांनी करू. सासरे म्हणतायत बायकोच्या एकटीच्या नावावर घ्या, स्टॅम्प ड्युटीत १ टक्का वाचतो. माझा भाऊ म्हणतो वेडा आहेस का, टॅक्सचा फायदा जाईल.

माझं वर्षाचं उत्पन्न साडेसहा लाख, तिचं साडेचार, दोघांच्या पगाराशिवाय काही नाही. एफडी मोडून ११ लाख जमतील. म्हाडाच्या सरकारी लॉटरीचाही विचार आहे पण काय ते कळत नाही. कोणी नुकतं घेतलं असेल तर सांगा, डोकं चालेनासं झालंय.

आकडेमोड

आधी २.६७ लाखांचं. ती जुनी स्कीम होती, मध्यम उत्पन्नवाल्यांसाठी मार्च २०२१ ला संपली आणि खालच्या गटांसाठी मार्च २०२२ ला. सेल्सवाले अजून तोच आकडा पाठ करून बसलेत. आता जी चालू आहे ती १ सप्टेंबर २०२४ पासूनची पीएमएवाय अर्बन २.०, म्हणजे पंतप्रधान आवासचीच नवी शहरी योजना. त्यात कुटुंबाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. तुम्ही दोघं मिळून ११, घर ४५, तेव्हा तो विषय बंद.

आता खरी गंमत तुमच्या ४५.५५ मध्ये आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटीचे दोन दर आहेत, ५ टक्के आणि परवडणाऱ्या घराला १ टक्का. १ टक्क्यासाठी अटी दोन, एकूण रक्कम ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट मर्यादेत. मुंबई महानगरात ती मर्यादा ६० चौ.मी. आहे, पण या नियमापुरतं पुणे मेट्रो शहरांत धरत नाहीत म्हणून आपल्याकडे ९० चौ.मी., म्हणजे साधारण ९६८ स्क्वेअर फूट. तुम्ही आरामात बसता. अडतंय ते फक्त वरच्या ५५ हजारांवर. आणि हो, इन्फ्रा-डेव्हलपमेंट, पार्किंग, क्लब हाऊस जे काही लावतील ते त्या ४५ मध्येच मोजलं जातं, बेसिक ४३.८० आहे म्हणून खूश होऊ नका.

हिशोब बघा. ४५.५५ वर ५ टक्के म्हणजे २,२७,७५०. तेच घर सगळं धरून ४४.९० ला मिळालं तर १ टक्का म्हणजे ४४,९००. दर उतरला ६५ हजार आणि टॅक्समध्ये वाचले १,८२,८५०. एकूण जवळपास अडीच लाख. तुमच्या सेल्सवाल्याला हे माहीत नाही असं मला तरी वाटत नाही.

मोशीकर_२०२३

आकडेमोड यांनी मुद्द्याला हात घातला. मी याच भागात घेतलंय म्हणून लिहितो. मलाही पाडव्याची ऑफर होती, स्टॅम्प ड्युटी फ्री, मॉड्युलर किचन फ्री, सोन्याचं नाणं. मी सरळ विचारलं, मला यातलं काहीच नको, मग रेट काय? तो आत गेला, दहा मिनिटांनी आला आणि रेट एक लाख दहा हजारांनी खाली आला. म्हणजे ते किचन मीच विकत घेणार होतो की. ऑफर ही आधी रेटमध्ये घातलेली असते, तेव्हा ऑफर सोडा आणि रेट पाडा, रेट पडला की त्यावरची स्टॅम्प ड्युटी पण पडते.

अजून एक हत्यार देतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ वर आलाय. फ्लॅटवरच्या आपल्या दरात बिल्डरला इनपुट क्रेडिट (मालावर भरलेल्या टॅक्सची वजावट) नसतं, सिमेंटवरचा टॅक्स त्याच्या खर्चातच जातो, मग तो खर्च उतरला ना त्याचा? मग थोडं आमच्याकडे सरकवा की राव. असं हसत हसत म्हणायचं, भांडायचं नाही.

फक्त एक करू नका. ४५ च्या खाली दाखवायला वरचे रोखीत द्या म्हणाले तर उठून या. माझ्या ओळखीत एकाने दिले, पुढे बिल्डरशी वाजलं, तेव्हा दिलेल्या रोखीचा एक चिटोरा हातात नव्हता.

वकीलताई

दादा, २० टक्के आधी आणि ॲग्रीमेंट मागाहून, हे चालत नाही. रेरा, म्हणजे बिल्डरांवर लगाम ठेवणाऱ्या कायद्याचं कलम १३ आहे, रजिस्टर्ड ॲग्रीमेंट केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांच्या वर एक रुपया घेता येत नाही. १० टक्के सुद्धा देऊ नका खरं तर, लाखभर टोकन द्या आणि ॲग्रीमेंटचा मसुदा ईमेलवर मागा. मसुदा पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे पुढचं काही विचारायलाच जाऊ नये असं माझं अनुभवातून झालेलं मत आहे.

आता नावाचं. महिलेला १ टक्का सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. महापालिका हद्दीत तुम्हाला ७ टक्के स्टॅम्प ड्युटी लागते, तिच्या नावावर ६. पण खरेदीदार फक्त महिलाच पाहिजेत, दोघांचं नाव लावलं की सवलत गेली, अर्धी-बिर्धी मिळत नाही. पूर्वी पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. तुम्ही नावात नसलात तरी कर्जात को-ॲप्लिकंट होऊ शकता, तिच्या साडेचार लाखांवर एकटीला एवढं कर्ज बसणारही नाही.

तुमच्या भावाचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे, जो मालक नाही त्याला व्याजाची वजावट नाही. पण वजावट कशातून घेणार? राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांची वजावट इन्कम टॅक्सच्या जुन्या पद्धतीत आहे, नव्या पद्धतीत नाहीच. आणि नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत उत्पन्नाला टॅक्स शून्य आहे. साडेसहा आणि साडेचार! तुम्ही दोघं टॅक्सच भरत नाही तर वाचवणार काय. ४४.९० वर १ टक्का म्हणजे ४४,९०० रोख वाचतात ते घ्या.

पण पैसे दोघांचे आणि नाव एकीचं याने तुम्हाला आतून काही होत असेल तर ४५ हजार भरून दोघांचं करा. हे मी वकील म्हणून नाही, रोज भांडणं बघणारी बाई म्हणून सांगते.

आकडेमोड

ताईंनी छान सांगितलं. मी खिशाचं सांगतो कारण ११ लाखांवर माझी नजर अडकली. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरत नाहीत. ४४.९० धरला तर कर्ज ३५.९२, तुमचे ८.९८. स्टॅम्प ड्युटी तिच्या नावावर २,६९,४००. रजिस्ट्रेशन ३० हजार. जीएसटी ४४,९००, तो बँकेने धरला तर बरं नाहीतर तोही खिशातून. झाले १२,४२,३००. दोघांच्या नावावर १२.८७. म्हणजे एफडी मोडूनही दीड लाख कमी पडतात, आणि अजून सोसायटीचा मेंटेनन्स ॲडव्हान्स, लाइट मीटर, पंखे, पडदे, ग्रिल काही आलेलं नाही. यासाठी पर्सनल लोन घेऊ नका हो.

मोशीकर_२०२३

भाडं आणि हप्ता एकदम चालू राहतो तेही लिहून ठेवा. मला पझेशन चौदा महिने उशिरा मिळालं. सुरुवातीला स्लॅबप्रमाणे प्री-ईएमआय (तोवर उचललेल्या कर्जाचं फक्त व्याज) होता, सहा हजार, नऊ हजार, वाटलं जमतंय, शेवटी तो एकवीसवर गेला आणि भाडं अठरा. बायको त्या वर्षी दिवाळीला माहेरी पण नाही गेली, तिकिटाचे पैसे नकोत म्हणून. सातवा स्लॅब म्हणजे पझेशनला अजून दीड वर्ष तरी धरा.

व्याजदराचं बरं चाललंय. २०२५ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६.५० वरून ५.२५ वर आला. बँकेकडून घ्याल तर रेपोला जोडलेलंच घ्या, निदान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो त्यांना. फ्लोटिंगला (बदलत्या दराच्या कर्जाला) मुदतीआधी पैसे भरले तर दंड नाही.

तळेगावचा_पाहुणा

मध्येच घुसतो, माफी असावी. मी तळेगाव दाभाड्याला ३३ लाखांचा वन बीएचके बघतोय, आमचं घरचं उत्पन्न साडेसात. मग मला ते २.० वालं मिळेल का? गावाला वडिलांच्या नावावर पक्कं घर आहे, ते आड येईल का?

आकडेमोड

आकडे तर बसतायत. त्या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, देशात कुठेही तुमच्यापैकी कोणाच्या नावावर पक्कं घर नको. वडिलांचं घर वडिलांचं. पण कर्ज २५ च्या वर जाऊ देऊ नका, ८ लाख स्वतःचे घाला. सबसिडी पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १.८० लाख, आणि जुन्यासारखी एकदम नाही तर पाच वार्षिक हप्त्यांत येते. तेव्हा ती धरून हप्त्याचं गणित बसवू नका, आली तर आली. बँकेत कर्जाचा अर्ज करतानाच हे बोलून घ्या, मंजुरी झाल्यावर साहेब ओळख दाखवत नाहीत.

वकीलताई

म्हाडाचं राहिलं. पुणे मंडळाच्या लॉटरीत बरीच घरं २० टक्के योजनेतली असतात, म्हणजे खाजगी बिल्डरच्याच प्रोजेक्टमधली, त्यामुळे म्हाडा म्हणजे लांब कुठेतरी जुनाट चाळीसारख्या इमारती हे डोक्यातून काढा. नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र धरतात, ११ म्हणजे तुम्ही मध्यम गटात, ९ ते १२. अत्यल्प गटात अर्ज टाकू म्हणाल तर बाद व्हाल. डोमिसाइल (राज्याचा रहिवासी दाखला) आत्ताच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर सेतू केंद्रात रांगेत उभे राहणारे मी दरवर्षी बघते. लॉटरीत उरलेली घरं प्रथम येणाऱ्यास प्रथम अशी पण देतात, तीही बघा. लागलं तर पाच वर्षं विकता येत नाही, पण तुम्हाला राहायचंच आहे ना.

रेडी रेकनरची भीती अर्धी खोटी आहे. १ एप्रिल २०२५ ला पिंपरी-चिंचवडला सरासरी ६.६९ टक्के वाढला हे खरं, पण स्टॅम्प ड्युटी ॲग्रीमेंटची किंमत आणि रेडी रेकनर यातल्या जास्त रकमेवर लागते. तुमची किंमत रेकनरच्या वर असेल तर फरकच पडत नाही.

आणि महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून कार्पेट बघितला का?

भाड्याचं_घर

बघितला ताई, काल रात्री दोघं बसलो होतो. साइटवर आमच्या टाइपचा फ्लॅट ५५ चौ.मी. आहे, म्हणजे ५९२ फूट. ६४० कुठून आले म्हणून फोन केला तर म्हणतो सर बाल्कनी धरून सांगतो आम्ही, सगळेच तसं सांगतात. रेराच्या कार्पेटमध्ये बाल्कनी येत नाही असं त्यालाच परत सांगितलं तर म्हणतो तुम्ही वकील आहात का.

४४.९० सगळं धरून, ऑफर नको, ॲग्रीमेंट आधी, एवढं सांगून ठेवलंय. मॅनेजरला विचारतो म्हणालाय. २६ तारीख येऊ दे आणि जाऊ दे. डोमिसाइलचा अर्ज मात्र आजच टाकला, बायकोने मघाशी स्टीलची टेप काढून पिशवीत ठेवली आहे, शनिवारी सॅम्पल फ्लॅटचा तो बेड मोजायचाय म्हणते.