बाबांचा ४८६ वरचा प्रिन्स विंडोज ११ वर चालेल का? फ्लॉप्या सापडल्या आहेत

धरमपेठची_लेक

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिली. बाबांचं गेल्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं, अजून दोन महिने तरी घरीच आहेत, त्यात हा मे महिना, दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही, दिवसभर कूलरसमोर बसून त्याच त्या बातम्या पाहतात आणि चिडतात. परवा माळ्यावरचं सामान काढताना फ्लॉप्यांचा डबा सापडला. १९९६ मधे बाबांनी सेकंडहँड ४८६ कॉम्प्युटर घेतला होता, तो केव्हाच भंगारात गेला, पण हा डबा कसा काय राहिला कोण जाणे. लेबलवर बाबांचंच अक्षर, निळ्या शाईत, सगळे जुने गेम, प्रिन्स (ऑफ पर्शिया), डेव्ह, पॅराट्रूपर, डूम १/२ आणि २/२. डबा पाहिल्याबरोबर बाबा उठून बसले, म्हणे प्रिन्स लाव.

ऑफिसातल्या एकाकडून यूएसबीवाला फ्लॉपी ड्राइव्ह आणला, प्रिन्स आणि डेव्ह कॉपी झाले, बाकीच्या दोन-चार अजून लावल्या नाहीत. पण लॅपटॉपवर (विंडोज ११) डबल क्लिक केलं की हे अॅप तुमच्या पीसीवर चालणार नाही असा मेसेज येऊन राहिला. राइट क्लिक करून कम्पॅटिबिलिटीमधे विंडोज ९५, एक्सपी सगळं लावून पाहिलं, काहीच फरक नाही. फाइल खराब झाल्या की लॅपटॉपचाच प्रॉब्लेम आहे? मला कॉम्प्युटरचं ऑफिसच्या कामापुरतंच येतं, त्यामुळे थोडं सोपं करून सांगा.

बर्डीवाला_मेकॅनिक

ताई, फाइल बहुतेक चांगल्याच आहेत. ह्या गेमा १६ बिटवाल्या आणि तुमचं विंडोज ६४ बिटचं. प्रोसेसर ६४ बिट मोडमधे चालत असला की जुन्या ८०८६ प्रोसेसरसारखं वागायची जी सोय त्याच्यात असते ती बंद असते, म्हणून मायक्रोसॉफ्टनं ६४ बिट विंडोजमधे डॉस (विंडोजच्या आधीची, टाइप करून चालवायची सिस्टीम) चालवणारा भागच दिला नाही. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती तरी होती, ११ तर फक्त ६४ बिटच येतं. कम्पॅटिबिलिटीच्या टॅबवर कितीही वेळ घालवा, तिथं ह्याचा इलाज नाही. माझ्याकडे लोक लॅपटॉप घेऊन येतात, विंडोज उडवून एक्सपी टाकून द्या म्हणतात, तसं बिलकुल करू नका, गरजच नाही.

डॉसबॉक्स टाका, फुकट आहे. २००२ पासून चालू आहे हा प्रकल्प. तो विंडोजच्या आत एक अख्खा जुना पीसी उभा करतो, प्रोसेसर, चित्राचं व्हीजीए कार्ड, आवाजाचं साउंड ब्लास्टर कार्ड सगळं सॉफ्टवेअरमधे, त्यामुळे खाली विंडोज आहे का लिनक्स ह्याच्याशी गेमला घेणंदेणं राहत नाही. नवीन असाल तर त्याचंच डॉसबॉक्स स्टेजिंग नावाचं सुधारलेलं रूप घ्या, त्यात बऱ्याच सेटिंग आधीच नीट लावलेल्या असतात.

मग असं करा. सी ड्राइव्हवर एक फोल्डर बनवा, नाव डॉसगेम, त्यात प्रिन्सचं फोल्डर ठेवा. डॉसबॉक्स उघडला की काळी खिडकी येईल, तिथं टाइप करायचं, माउंट, स्पेस, सी, स्पेस, सी:\डॉसगेम. एंटर. मग सी: आणि एंटर. मग सीडी प्रिन्स. मग प्रिन्स. मी देवनागरीत लिहून राहिलो, तुम्ही अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका. रोज रोज टाइप करायचा कंटाळा आला तर कॉन्फिग फाइलमधे सगळ्यात खाली ऑटोएक्झेक म्हणून भाग असतो, तिथं ह्याच ओळी लिहून ठेवा, उघडलं की सरळ गेमच चालू.

फ्लॉपीवाले_काका

बेटा, आधी थांब. ज्या फ्लॉप्या अजून लावल्या नाहीत त्या तशाच लावू नकोस, आधी बघ. साडेतीन इंची फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण बोटानं सरकव आणि मागची धातूची चकती हळूहळू फिरवत आतली तबकडी उजेडात बघ. तबकडी गडद तपकिरी-काळी आणि एकसारखी चकचकीत दिसली पाहिजे. त्यावर पांढुरके ठिपके किंवा जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. आपल्याकडे उन्हाळाभर कूलरची ओल, मग चार महिने पाऊस, माळ्यावरच्या फ्लॉपीला बुरशी लागतेच. तशी फ्लॉपी ड्राइव्हमधे घातली की ती घाण ड्राइव्हच्या वाचणाऱ्या भागाला, म्हणजे हेडला, चिकटते, मग तो हेड त्या फ्लॉपीवर ओरखडा काढतो आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरसुद्धा. माझ्या अशा ११ फ्लॉप्या एका दुपारी गेल्या, त्यात मुलीच्या लहानपणी टाइप केलेल्या गोष्टी होत्या, त्या परत मिळाल्या नाहीत. म्हणून एवढं लांबवर लिहितो आहे.

बुरशी असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, कापडाचे धागे सुटणार नाहीत असा बोळा घे, झाकण उघडं धरून हलक्या हातानं पुस, तबकडी थोडी फिरव, परत पुस, दोन्ही बाजू. पूर्ण वाळू दे. मग कोपऱ्यातली ती छोटी सरकपट्टी अशी सरकव की भोक उघडं दिसेल, म्हणजे फ्लॉपीवर काही लिहिलं जाणार नाही, फक्त वाचलं जाईल. आणि नुसत्या फाइल कॉपी न करता पूर्ण फ्लॉपीची इमेज, म्हणजे एकाच फाइलमधे हुबेहूब नक्कल, काढून ठेव, विनइमेजनं होतं, लिनक्स असेल तर डीडी. १.४४ एमबीची तर फाइल, पेनड्राइव्हवर हजारो मावतील. पहिल्या वाचनात जे मिळतं ते कधी कधी दुसऱ्यांदा मिळत नाही. डब्यात मोठ्या सव्वापाच इंची फ्लॉप्या असतील तर त्या यूएसबी ड्राइव्हमधे चालत नाहीत, त्याचं वेगळं सांगेन.

धरमपेठची_लेक

काका, बरं झालं सांगितलं!! डूमच्या २/२ वर खरंच पांढरी जाळी आहे, कोपऱ्यात नखाएवढी. बाकीच्या साफ आहेत. ती बाजूला ठेवली, अल्कोहोल उद्या मेडिकलमधून आणते.

इकडे डॉसबॉक्स टाकला पण माउंट केलं की ते फोल्डर सापडतच नाही म्हणतं. फोल्डर डेस्कटॉपवर आहे, नाव बाबांचे जुने गेम, मराठीतच ठेवलंय.

बर्डीवाला_मेकॅनिक

तेच कारण. डॉसला देवनागरी समजत नाही, आणि नावात स्पेस आली की तिथंच नाव संपलं असं समजतो. फाइलचं नावसुद्धा ८ अक्षरं आणि टिंबानंतर ३, एवढंच त्याला माहीत. फोल्डर डेस्कटॉपवरून काढून सरळ सी ड्राइव्हवर न्या, नाव इंग्रजीत छोटं ठेवा.

धरमपेठची_लेक

चालू झालं!!! तो सुरुवातीचा राजवाडा आला आणि बाबा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले.

आता दोन गोष्टी. बाबा म्हणतात चित्र बरोबर नाही, राजकुमार बुटका दिसून राहिला. मला तर ठीकच वाटतो पण ते ऐकत नाहीत. आणि पहिली लेव्हल झाल्यावर बाटल्यांची खोली आली, प्रत्येक बाटलीवर एक अक्षर, कुठल्या तरी पानावरच्या शब्दाचं पहिलं अक्षर विचारतं, चुकीच्या बाटल्या प्यायल्या की ताकद कमी होत जीव जातो.

रात्रपाळी_गेमर

बाबांचं बरोबर आहे, अगदी बरोबर आहे. त्या काळच्या गेमचं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, पण मॉनिटर ४:३ चा असायचा त्यामुळे प्रत्येक ठिपका उभट व्हायचा, रुंदीपेक्षा उंच. आताच्या स्क्रीनवर ठिपके चौकोनी, म्हणून सगळी माणसं दाबल्यासारखी बुटकी दिसतात. तीस वर्षांनी बघून हे ओळखलं म्हणजे बाबांनी तो गेम किती जीव लावून खेळला असेल. साधा डॉसबॉक्स असेल तर कॉन्फिगमधे अॅस्पेक्ट ट्रू करा आणि त्याबरोबर आउटपुटला ओपनजीएल लावा. स्टेजिंगमधे ते आपोआप होतं.

बाटल्यांचं म्हणजे कॉपी प्रोटेक्शन, गेमची नक्कल करून कोणी खेळू नये म्हणून, १९९० साली डॉसवर आला तेव्हा डब्यातल्या छापील पुस्तिकेतून उत्तर बघायचं असायचं. पुस्तिका नसेल तर एसडीएलपॉप घ्या, डॉसवाल्या प्रिन्सचा कोड उलगडून लोकांनी नव्यानं लिहिलेला आहे, विंडोजवर सरळ चालतो, बाटल्यांची खोली त्यात बंदच असते.

आणि स्पीडबद्दल आत्ताच सांगून ठेवतो कारण पॅराट्रूपर लावाल तेव्हा लागेल. तो १९८२ चा, प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा असायचा तेव्हाचा, त्या काळच्या कित्येक गेम प्रोसेसरच्या वेगावरच पळायच्या, म्हणून तर नंतरच्या कॅबिनेटवर टर्बोचं बटण असायचं, मशीन हळू करायला. इथं कंट्रोल एफ११ दाबलं की हळू, कंट्रोल एफ१२ दाबलं की फास्ट. एवढ्या जुन्या गेमला सायकल (डॉसबॉक्सचा वेगाचा आकडा) ३०० च्या आसपास ठेवून बघा. डूमचं उलटं, त्याला सायकल मॅक्स करा. आवाज आला नाही तर त्याचा सेटअप चालवून साउंड ब्लास्टर निवडा, २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. माउस आत अडकला तर कंट्रोल एफ१०. लॅपटॉपवर एफ च्या बटणांसोबत एफएन दाबावं लागतं बऱ्याचदा.

धरमपेठची_लेक

अॅस्पेक्ट केलं, बाबा पाहून म्हणाले आता झाला राजकुमार.

बाटल्यांसाठी एसडीएलपॉप डाउनलोड करतच होती तर बाबा म्हणाले त्या डब्यात खाली बघ. फ्लॉप्या काढल्या तर तळाशी रूलवाल्या वहीचा घडी केलेला कागद, बाबांच्या अक्षरात तीन रकाने, पान, ओळ, अक्षर. त्यांच्या ऑफिसातल्या कोणाकडे पुस्तिका होती, लंच टाइममधे बसून उतरवून आणलं म्हणे. कागद घडीवर फाटलाय पण सगळं वाचता येतं. आईला हे आजच कळलं.

एक राहिलं, लॅपटॉपची बाणाची बटणं फार बारीक आहेत, बाबांचा अंगठा दोन बटणांवर पडतो. आणि त्यांना कधीच ८ व्या लेव्हलच्या पुढे जाता आलं नाही, दार उघडून परत येताना जाळीचं फाटक बंद होतं आणि आत अडकतात. तेव्हा वाटायचं गेमच बिघडलाय, त्यात लाइट जायची, मग परत पहिल्यापासून.

फ्लॉपीवाले_काका

बेटा, साधा यूएसबी कीबोर्ड घे, आकड्यांचा भाग असलेला. त्या वेळी आम्ही सगळे आकड्यांच्या बाणांवरच खेळायचो, हाताला तीच सवय असते.

८ व्या लेव्हलला काही करायचं नाही, फाटकापाशी उभं राहायचं. थोडा वेळ गेला की पलीकडून राजकन्येचा पांढरा उंदीर येतो आणि बटणावर चढतो, फाटक उघडतं. मलाही कोणीतरी सांगितल्यावरच कळलं होतं. आणि तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल जी नं सेव्ह होतं, बाबांना सांग, म्हणजे लाइट गेली तरी तिथूनच पुढे.

धरमपेठची_लेक

काका, काल रात्री साडेदहाला उंदीर आला. बाबा, आई, मी, तिघंही स्क्रीनकडे बघत बसलो होतो, बाबांनी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले होते, बटणाला चुकून लागू नये म्हणून. मग तो आला टुणटुण करत. आता ९ व्या लेव्हलवर आहेत, ४१ मिनिटं झाली ६० पैकी, सेव्ह करून झोपले. डूमची २/२ उद्या पुसते.