मदत हवी आहे: कॅम बदलल्यापासून ब्रेक पेडल कडक

नमस्कार मंडळी. कार्ब्युरेटरवाल्या व्ही-८ इंजिनात जास्त ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा) कॅमशाफ्ट बसवला आणि आयडलवरचा व्हॅक्यूम, म्हणजे इंजिन मंद चालताना मॅनिफोल्डमध्ये तयार होणारी ओढ, १८ इंचांवरून (पाऱ्याच्या) १० वर आला. गेजचा काटा सारखा थरथरतो. ब्रेक एकदा दाबला तर लागतो, लगेच दुसऱ्यांदा दाबला की पेडल दगडासारखं. गाडीत मुलं असतात, खरंच भीती वाटते.

नळ्या, ब्रेक बूस्टरचा (याच व्हॅक्यूमवर पेडल हलकं करणारा भाग) चेक व्हॉल्व्ह, मॅनिफोल्डचं गॅस्केट तपासलं, गळती नाही. इनिशियल टायमिंग (आयडलवर ठिणगी किती आधी पडते ते) ८ अंशांवरून १४ केलं, तर काटा १२ पर्यंत चढला. अजून वाढवू का, की गरम इंजिन सुरू करताना स्टार्टर अडखळेल? व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (व्हॅक्यूमवर ठिणगी आणखी आधी पाडणाऱ्या भागाची) नळी थेट मॅनिफोल्डला जोडून कुणी फरक पाहिलाय का? वेगळा व्हॅक्यूम पंप लावता येईल, पण आधी ट्यूनिंगमधूनच जमवायचंय. तोवर गाडी रस्त्यावर काढत नाहीये.