वेबसाइट विकायची आहे: कमाई सिद्ध करायची, पण अख्खं बँक स्टेटमेंट द्यायचं नाही

रेशीमबाग_ऑनलाइन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेच्या सराव प्रश्नपत्रिकांची मराठी वेबसाइट विकायला काढली आहे. पैसे तीन वाटांनी येतात: ॲडसेन्स (गूगलच्या जाहिराती), पुस्तकांच्या लिंकवरचं ॲमेझॉनचं कमिशन, आणि नागपुरातल्या दोन कोचिंग क्लासच्या जाहिराती. क्लासवाले थेट यूपीआय करतात. सगळं एकाच बचत खात्यात जमा होतं. पगार आणि घराचा हप्ताही त्याच खात्यात.

दोन जण विचारत आहेत, एक पुण्याचा, एक इथलाच. पुण्याच्या माणसाला १२ महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयटीआर (आयकर विवरणपत्र) आणि ॲडसेन्सचं लॉगिन हवं आहे. स्क्रीनशॉट पाठवले, ते त्याने मानले नाहीत. त्याचा संशय रास्त आहे हे कळतं, पण एवढं सगळं अनोळखी माणसाच्या हाती द्यायची हिंमत होत नाही. शिवाय त्याच ॲडसेन्स खात्यावर माझी दुसरी एक साइट आहे, ती विकायची नाही आणि तिचं नावही सांगायचं नाही.

काय दाखवावं, किती झाकावं आणि कधी दाखवावं?

सर्व्हर_खोली

लॉगिन कुणालाही द्यायचं नाही, हे आधी पक्कं करा. ॲडसेन्समध्ये फक्त बघण्यापुरती अशी परवानगी नाही. ज्याला आत घ्याल तो जाहिरातींच्या मांडणीतही हात घालू शकतो, आणि उद्या अवैध क्लिकमुळे खातं बंद पडलं तर दोन्ही साइटची कमाई थांबेल. तसंही ॲडसेन्स खातं विकता येत नाही. खरेदीदाराला स्वतःच्या खात्यावरून जाहिराती लावाव्या लागतात, म्हणजे लॉगिनची त्याला गरजच नाही.

स्क्रीनशॉट त्याने नाकारले ते बरोबर केलं. ब्राउझरमध्ये राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ उघडलं की पानावरचा कुठलाही आकडा अर्ध्या मिनिटात बदलता येतो. त्याऐवजी स्क्रीन शेअर करून दाखवा, पण नीट तयारी करून.

ब्राउझरमध्ये नवीन प्रोफाइल उघडा, एक्स्टेन्शन एकही नको, बुकमार्कची पट्टी बंद, नोटिफिकेशन बंद. ॲडसेन्सच्या मुख्य पानावर सगळ्या साइटची मिळून कमाई दिसते, म्हणून कॉल सुरू व्हायच्या आधीच रिपोर्टमध्ये ‘साइट्स’ निवडा, विकायच्या डोमेनचा फिल्टर लावा आणि रिपोर्ट सेव्ह करून ठेवा. क्लिकचं प्रमाण आणि प्रति क्लिक दर हे रकाने काढून टाका. ॲडसेन्सच्या अटींत ही आकडेवारी गोपनीय धरली आहे. एकूण किती पैसे मिळाले ते मात्र सांगता येतं.

शेअर करताना फक्त टॅब शेअर करू नका. टॅब शेअर केला की वरची पत्त्याची पट्टी समोरच्याला दिसत नाही आणि संशय तिथेच सुरू होतो. एकच टॅब असलेली अख्खी विंडो शेअर करा. मग तारखा त्याला निवडू द्या. ‘गेल्या वर्षी १० जून ते २५ जुलै दाखवा’ असं तो म्हणाला की तेवढ्याच दाखवायच्या. नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबून पान नव्याने लोड करायचं. सेव्ह केलेला फिल्टर टिकून राहतो, दुसरी साइट उघडी पडत नाही.

आता हे आकडे याच वेबसाइटचे आहेत हे कसं सिद्ध करायचं? मेन्यूत न दिसणारं एक पान साइटवर टाका आणि त्याचं शीर्षक खरेदीदाराने कॉलवर सुचवलेला चार अक्षरी शब्द ठेवा. त्याने ते पान आपल्या मोबाइलवर उघडायचं. गूगल ॲनालिटिक्सच्या (साइटवर येणाऱ्यांची मोजदाद करणारं साधन) रिअलटाइम रिपोर्टमध्ये ते शीर्षक काही क्षणांत दिसायला हवं. एका फटक्यात दोन गोष्टी सिद्ध होतात: साइट तुमच्या ताब्यात आहे आणि समोर उघडलेलं ॲनालिटिक्स तिचंच आहे. ॲडसेन्सच्या बाबतीत पब्लिशर आयडी, म्हणजे तुमच्या ॲडसेन्स खात्याचा क्रमांक, जुळवून दाखवा. साइटच्या सोर्स कोडमध्ये तो असतोच, आणि ॲड्स डॉट टीएक्सटी (साइटवर जाहिराती कोण विकू शकतो ते सांगणारी) फाइल ठेवली असेल तर तिच्यातही.

याच आयडीमुळे तुमची दुसरी साइटही सापडू शकते. दोन्ही साइटवर तो एकच आहे आणि आयडीवरून साइट शोधून देणारी साधनं सहज मिळतात. तेव्हा डोमेनचं नाव कळलं की दुसरं नाव शोधणं अवघड नाही, हे धरूनच चला. स्क्रीनवर आयडी झाकून काही साधत नाही. आणखी एक: ॲडसेन्सच्या सेटिंगमध्ये विक्रेत्याची माहिती ‘पारदर्शक’ ठेवली असेल तर खात्यावरचं तुमचं नाव गूगलच्या सेलर्स डॉट जेसन या सार्वजनिक फाइलमध्ये दिसतं. ते ‘गोपनीय’ करता येतं. आजच तपासा.

ताळेबंद

वरचं सगळं बरोबर, पण ते प्लॅटफॉर्मपुरतं झालं. खरेदीदाराचा विश्वास बसतो तो प्लॅटफॉर्म, बँक आणि कर या तीन वेगळ्या ठिकाणचा एकाच महिन्याचा आकडा जुळला की. बारा महिन्यांचे कागद ओतण्यापेक्षा त्याने निवडलेले तीन महिने पूर्ण जुळवून दाखवा, ते जास्त पटतं.

आकडे तंतोतंत सारखे येणार नाहीत, म्हणून फरकाचं कारण आधीच लिहून द्या. मार्चची ॲडसेन्स कमाई एप्रिलच्या सुरुवातीला अंतिम होते आणि २१ ते २६ एप्रिलच्या दरम्यान पाठवली जाते. रोज दिसणारी रक्कम अंदाजे असते, अवैध क्लिकची वजावट नंतर होते. समजा ४०० डॉलर अंतिम झाले आणि बँकेने ८३ रुपये दर लावला, तर ३३,२०० रुपये होतात. त्यातून चलनबदलावरचा जीएसटी आणि बँकेचा आकार वजा होऊन खात्यात थोडे कमी येतात. शिल्लक १०० डॉलरच्या खाली राहिली तर त्या महिन्यात पैसे येतच नाहीत, पुढच्या महिन्यात एकत्र येतात. हे सांगून ठेवलं नाही तर रिकामा महिना बघून समोरचा बिचकतो. ॲमेझॉनचं कमिशन महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी जमा होतं आणि परत केलेल्या वस्तूंचं कमिशन वजा होतं.

आता कागद. बँक स्टेटमेंटच्या जागी परदेशातून आलेल्या रकमेची पावती मागा, बँकवाले तिला एफआयआरए म्हणतात. त्यात पाठवणारा, तारीख, डॉलर आणि रुपये असा त्या एका रकमेचाच तपशील असतो. तुमचा पगार नाही, हप्ता नाही. शाखेत लेखी अर्ज द्या, बऱ्याच बँकांच्या नेटबँकिंगमधूनही ती काढता येते.

ॲमेझॉनसाठी फॉर्म १६ए (कापलेल्या कराचं, म्हणजे टीडीएसचं, प्रमाणपत्र) द्या. २६एएस (तुमच्या नावावर कापलेल्या सगळ्या करांचा गोषवारा) किंवा एआयएस (आयकर खात्याकडची तुमच्या आर्थिक व्यवहारांची यादी) अजिबात देऊ नका. एआयएसमध्ये मुदत ठेवींचं व्याज, शेअर्स, म्युच्युअल फंड, सगळा संसार असतो. १६ए एकाच कापणाऱ्याचा आणि एकाच तिमाहीचा असतो, त्यावर फक्त पॅन आणि पत्ता झाकायचा. जुळवताना लक्षात ठेवा: कमिशनवरचा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. जुने-नवे महिने एकाच दराने मोजले तर हिशेब चुकतो. ॲडसेन्सचे पैसे सिंगापूरहून येतात, त्यावर भारतातला टीडीएस नसतो. ‘२६एएसमध्ये गूगल दिसत नाही, म्हणजे कमाई खोटी’ असा निष्कर्ष काही खरेदीदार काढतात. तो चुकीचा आहे हे त्यांना शांतपणे समजावून सांगा.

आयटीआर मागितला तर सीएचं प्रमाणपत्र पुढे करा. त्यात डोमेनचं नाव, कालावधी, स्रोतानुसार महिनावार जमा रक्कम आणि तपासलेल्या कागदांची यादी असावी. शेवटी ‘अमुक व्यक्तीच्या खरेदीच्या निर्णयापुरतंच’ असं लिहून घ्या. प्रमाणपत्रावर १८ अंकी यूडीआयएन (त्या कागदाचा ओळख क्रमांक) हवाच, १ फेब्रुवारी २०१९ पासून तो बंधनकारक आहे. खरेदीदार आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकून कागद खरा आहे की नाही ते स्वतः बघू शकतो.

मात्र इथे एक चूक हमखास होते. सीए बँकेतली जमा बघून प्रमाणपत्र देतो, आणि तुमच्या खात्यात दोन साइटचे पैसे मिसळलेले आहेत. म्हणून ॲडसेन्सचा साइटनिहाय रिपोर्टही सीएला दाखवा आणि तपासलेल्या कागदांत त्याचा उल्लेख करून घ्या. दुसऱ्या साइटचं नाव प्रमाणपत्रात येण्याचं कारण नाही, ‘खात्यावरील इतर उत्पन्न वगळून’ एवढं पुरतं.

धरमपेठ_डिजिटल

खरेदीदाराच्या बाजूने दोन मुद्दे.

क्लासच्या जाहिरातींची रक्कम सगळ्यात जास्त संशयाची असते, कारण ओळखीच्या माणसाकडून यूपीआय करून घेणं सोपं आहे. प्रत्येक जाहिरातीचं बिल, तिचा साइटवर दिसण्याचा काळ आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक असा तक्ता ठेवा. क्लासचं नाव आणि मालकाचा मोबाइल नंबर झाका, ती त्यांची माहिती आहे, तुमची नाही. आणि करार नवीन मालकाकडे जाणार का, हे क्लासवाल्यांना विचारल्याशिवाय ही रक्कम किमतीच्या हिशेबात धरू नका.

दुसरं, भरतीच्या साइटची कमाई सपाट नसते. जाहिरात निघाली की गर्दी, परीक्षा झाली की शुकशुकाट. चांगले तीन महिने दाखवून वर्षाची सरासरी काढली की समोरचा तिथूनच उठतो. पूर्ण १२ महिन्यांचे गोळाबेरीज आकडे द्या, आणि होस्टिंग, डोमेन, टायपिंगचा खर्च वजा करून द्या. ॲमेझॉनवर या साइटसाठी वेगळा ट्रॅकिंग आयडी नसेल तर आजच बनवा, नाहीतर कुठलं कमिशन कुठल्या साइटचं ते कधीच वेगळं निघणार नाही.

एक विचारतो: अकाउंट ॲग्रिगेटरमधून (आपल्या संमतीने बँकेची माहिती दुसऱ्या संस्थेकडे पोचवणारी व्यवस्था) फक्त हवे तेवढे व्यवहार शेअर नाही का करता येणार?

ताळेबंद

नाही भाऊ. ती व्यवस्था रिझर्व्ह बँक, सेबी यांसारख्या नियामकांच्या नियंत्रणाखालच्या संस्थांसाठी आहे. कर्ज देणारी बँक माहिती घेऊ शकते, साइट विकत घेणारा खासगी माणूस नाही.

रेशीमबाग_ऑनलाइन

खूप उपयोग झाला, मनापासून आभार. आता दोन गोष्टी राहिल्या. झाकायचं कसं? मोबाइलवर काळी रेघ ओढून पीडीएफ पाठवली तर चालेल का? आणि पुण्याच्या माणसाला सर्च कन्सोलही (गूगलवर काय शोधून लोक साइटवर येतात ते दाखवणारं साधन) आत्ताच हवं आहे, करार नंतर करू म्हणतो.

सर्व्हर_खोली

काळी रेघ धोक्याची. पीडीएफमध्ये ती वरून चिकटवलेली असते, खालचा मजकूर सिलेक्ट करून कॉपी होतो. मोबाइलच्या हायलायटरची शाई अर्धपारदर्शक असते, फोटोचा उजेड वाढवला की अंक वाचता येतात. ब्लर केलेले अंकही ओळखता येतात. पद्धत अशी: पूर्ण अपारदर्शक चौकोन टाका, पान चित्र म्हणून सेव्ह करा, आणि त्या चित्राची नवीन पीडीएफ करा. मग स्वतः मजकूर सिलेक्ट करून बघा, काहीच निवडलं जायला नको.

यात एक तोटा आहे. बँकेच्या मूळ पीडीएफवर डिजिटल सही असेल तर ती या नव्या फाइलमध्ये उरत नाही. म्हणून झाकलेली प्रत पाठवायची आणि मूळ फाइल सीएच्या ऑफिसात समोरासमोर दाखवायची. इथल्या माणसासाठी हे सोपं आहे, पुण्याच्या माणसाने आपला सीए तुमच्या सीएशी बोलायला लावावा. आणि मूळ फाइल पासवर्डसकट कधीच पाठवू नका. बऱ्याच बँकांचा पासवर्ड जन्मतारीख आणि नावातली अक्षरं जोडून बनतो. पासवर्ड दिला म्हणजे जन्मतारीख दिली.

सर्च कन्सोल आत्ता मुळीच नको. त्यात १६ महिन्यांचे शोधशब्द आणि पानं असतात. कुठल्या शब्दावर किती लोक येतात हे कळलं की तशीच साइट उभी करायला तेवढं पुरतं. क्रम असा ठेवा. नाव न सांगता: विषय, साइटचं वय, कमाईचा गोल आकडा. गोपनीयतेच्या करारावर सही झाली की डोमेनचं नाव आणि स्क्रीन शेअर. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० च्या जागी ५०० रुपयांचा स्टॅम्प लागतो. नागपुरात सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाच्या परिसरात नोटरीचं कामही होऊन जातं. दुसरी साइट शोधून तिचं नाव उघड करायचं नाही, हे कलम त्यात आवर्जून घाला.

टोकन रक्कम मिळाल्यावरच सीएचं प्रमाणपत्र, १६ए, सर्च कन्सोलमध्ये ‘मर्यादित’ वापरकर्ता आणि ॲनालिटिक्समध्ये ‘व्ह्यूअर’. ॲनालिटिक्सची परवानगी प्रॉपर्टीपुरतीच, म्हणजे या एका साइटच्या नोंदीपुरतीच द्या. चुकून अकाउंटच्या पातळीवर दिली तर दुसऱ्या साइटची प्रॉपर्टीही त्याला दिसेल. सौदा फिसकटला तर त्याच दिवशी नाव काढून टाका.

विद्यार्थ्यांच्या ईमेलची यादी असेल तर सौदा पूर्ण होईपर्यंत फक्त संख्या सांगा. तो लोकांचा वैयक्तिक डेटा आहे, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा त्यासाठीच झाला आहे. आणि करार नंतर करू म्हणणाऱ्याला एकच निरोप द्या: कराराचा मसुदा पाठवतो, सही झाली की त्याच संध्याकाळी स्क्रीन शेअर करू.